परातीच्या तळाचा पांढरा थर

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुरुमच्या आमच्या घरी बटाट्याच्या किसाचा एक दिवस ठरलेला असे. पहाटे दिवा लावून बायका बसायच्या. आई, काकू, शेजारच्या दोघी, मध्ये बटाट्यांचा ढीग आणि चार किसण्या. किस पाण्याच्या परातीत पडायचा, तीनदा पाणी बदलायचं, मग तुरटी फिरवलेल्या उकळत्या पाण्यातून काढून ऊन तापायच्या आत गच्चीवर जुन्या धोतरावर पसरायचा. पहिलं पाणी मोरीत ओतायचं नाही, हा काकूचा नियम. ते गढूळ, तांबूस पाणी तासभर हलवायचं नाही. मग वरचं अलगद निथळून टाकलं की परातीच्या तळाशी पांढराशुभ्र थर दिसे. आम्हा पोरांचा जीव त्या थरात अडकलेला असे. बोटानं जोरात दाबला तर दगडासारखा घट्ट, बोट सैल सोडलं तर दुधासारखा ओघळणारा. वाळल्यावर मुठीत आवळला की करकर वाजायचा. काकू तो पातेल्यात वाळवून बरणीत भरून ठेवी. उपवासाच्या कढीला बेसन चालत नाही, तिथे हा चमचाभर लावायचा.

तो थर म्हणजे बटाट्याचा स्टार्च. हाच पदार्थ पंचवीस किलोंच्या कागदी गोण्यांत भरून युरोपातून न्हावा शेवा बंदरात उतरतो आणि सूप, नूडल्स, सॉस, कुरकुरीत फराळ अशा नाना रूपांनी मुरुमच्या किराणा दुकानातल्या माळांना लटकतो. या लेखात त्या गोणीचा प्रवास सांगायचा आहे. कारण त्या प्रवासात एक प्रश्न जागोजागी विचारला जातो, आणि जिथे तो सगळ्यांत जास्त विचारायला हवा तिथे मात्र विचारलाच जात नाही.

आधी शब्दांचं. मराठी बाईला स्टार्च काढायला कुठल्या तंत्रज्ञानं शिकवलेलं नाही. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, वाटायचे, फडक्यातून गाळायचे, ठेवून द्यायचे, वरची निवळ काढून टाकायची. खाली राहतो तो चीक. चीक शिजवून कुरडया घालायच्या, किंवा वाळवून सत्त्व करायचं आणि दात न आलेल्या बाळाला लापशी द्यायची. भिजवा, दळा, गाळा, बसू द्या, निथळा, वाळवा. जगातल्या कुठल्याही स्टार्चच्या कारखान्यात याच पायऱ्या असतात, फक्त परातीच्या जागी भोवऱ्यासारखी गरगर फिरणारी यंत्रं असतात. कपड्याला लावतो ती खळ, इस्त्रीवाला म्हणतो ती कांजी, औषधाच्या दुकानातलं आरारूट, गोव्या-कोकणातली तवकीर. आपल्याकडे या पांढऱ्या पिठाला एक नाव कधी नव्हतंच. ज्याचं सत्त्व त्याचं नाव, आणि ज्या कामाचं त्या कामाचं नाव.

मुरुम हे उमरगा तालुक्यातलं, धाराशिव जिल्ह्याच्या पार दक्षिणेचं बाजाराचं गाव. सोलापूर-हैदराबाद महामार्ग जरा वर राहतो. खाली आळंद, कलबुर्गीकडे कर्नाटक लागतं. बाजारात मराठी, कन्नड आणि दखनी उर्दू एकाच वाक्यात ऐकू येतात. पोर्तुगीजांच्या तोंडून आलेला ‘बटाटा’ पुण्या-मुंबईचा. आमच्याकडे सरसकट आलू, आणि कन्नड घरात आलूगड्डे. तूर, उडीद, मूग, सोयाबीन, ज्वारी ही इथली पिकं, आणि पाणी असेल तिथे ऊस. बटाटा इथे पिकत नाही, तो ट्रकनं येतो. तेव्हा बटाट्याच्या स्टार्चचा आणि मुरुमचा काय संबंध, असं कुणी विचारेल.

संबंध आहे, आणि तो जुना आहे. आयात हा शब्द या गावाला बंदराइतकाच ओळखीचा आहे. १९४८ पर्यंत हे गाव निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. पश्चिमेला सोलापूर इंग्रजांचं, नैर्ऋत्येला अक्कलकोटचं स्वतंत्र संस्थान. सोलापुरातून आलेला माल म्हणजे परराज्यातला माल. त्यावर निजामाची जकात बसे. त्या खात्याचं नाव ‘करोडगिरी’, आणि आमच्या भागातली जुनी माणसं नाक्याला करोडगिरीच म्हणत. सोलापूरच्या गिरणीचं लुगडं, काडेपेट्या, घासलेट, सगळं त्या नाक्यावर थांबून पुढे यायचं. कांजीही अशीच प्रवासी होती. मुंबईच्या कापडगिरण्यांत ताण्याला खळ देण्यासाठी परदेशी बटाट्याचा स्टार्च ‘फरिना’ या नावानं येई. अंगावरच्या नव्या कोऱ्या कापडाचा पहिला कडकपणा कुठल्या जमिनीतून आला, हे नेसणारीला कुठून कळणार?

दुसरी आठवण १९७२ च्या दुष्काळाची. खडी फोडायला गेलेल्या माणसांना सुकडी मिळाली आणि रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी. शाळू-मालदांडीवर वाढलेल्या तोंडांनी ती भाकर कशी गिळली, हे आमच्या भागात अजून सांगितलं जातं. उपाशी माणूस धान्य कुठून आलं ते विचारत नाही. आणि परदेशी धान्याबरोबर आणखी एक पाहुणं आलं असं मानलं जातं: गाजर गवत. १९५० च्या दशकात पुण्यात ते पहिल्यांदा नोंदवलं गेलं. आज मुरुमच्या शिवारात असा बांध दाखवा जिथे ते नाही. लोक त्याला काँग्रेस गवत म्हणतात, त्यानं अंगाला खाज सुटते, दमा उठतो, आणि उपटून उपटून शेतकऱ्याची कंबर मोडते. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक गोणीला दारात उभं करून ‘तुझ्यात काय काय आहे’ असं विचारण्याची गरज पुस्तकातून समजावून घ्यायची असेल त्यानं घ्यावी, आम्हाला बांधावर उभं राहिलं की कळते.

म्हणून बंदरावरचा कायदा मला जाच वाटत नाही. १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा जाऊन २००६ चा अन्नसुरक्षा व मानके कायदा आला, २००८ मध्ये त्याचं प्राधिकरण (आपण एफएसएसएआय म्हणतो ते) उभं राहिलं, आणि ५ ऑगस्ट २०११ पासून नियम लागू झाले. आयातीचे स्वतंत्र नियम २०१७ चे. कायद्याचं २५ वं कलम थोडक्यात असं सांगतं की असुरक्षित, चुकीच्या नावाचं, निकृष्ट किंवा बाहेरचं काही मिसळलेलं अन्न या देशात आणता येणार नाही.

समजा, महाराष्ट्रातल्या एखाद्या व्यापाऱ्यानं बटाट्याचा स्टार्च मागवायचं ठरवलं. त्याच्याकडे आयात-निर्यातीचा क्रमांक हवा आणि प्राधिकरणाचा केंद्रीय परवाना हवा. तो चौदा आकडी क्रमांक आपण रोज पाकिटावर पाहतो. माल न्हावा शेवाला लागला की सीमाशुल्काचा पहिला प्रश्न असतो: हे काय आहे? ‘बटाट्याचं पीठ आहे साहेब’ एवढ्यावर भागत नाही. जगभराच्या जकातीच्या यादीत बटाट्याची अनेक बिऱ्हाडं आहेत. कच्चा बटाटा ०७०१ या घरात. त्याचं पीठ, चकत्या, कण ११०५ मध्ये. शिजवून, तळून तयार केलेला २००४ आणि २००५ मध्ये. स्टार्च ११०८ मध्ये. आणि तोच स्टार्च रसायनांनी बदललेला असेल तर थेट ३५०५ मध्ये, डिंक-गोंदाच्या शेजारी. ११०८ च्या आतही पुन्हा खोल्या आहेत: ११ म्हणजे गव्हाचा, १२ मक्याचा, १३ बटाट्याचा, १४ टॅपिओकाचा, बाकी सगळे १९. पाचही पिठं पांढरी. डोळ्यांनी ओळखू म्हणाल तर फसाल. खोली बदलली की जकात बदलू शकते, म्हणून सरकारला नाव अचूक हवं असतं.

पाकीट वाचणाऱ्याच्या उपयोगाचा एक भेद इथे समजून घेण्यासारखा आहे. परातीच्या तळाशी बसतो तो मूळ स्टार्च, म्हणजे निव्वळ अन्न. पण मूळ स्टार्चचे काही स्वभावदोष असतात. बटाट्याचा चटकन दाट होतो, पण फार ढवळला किंवा त्यात आंबट पडलं की पाणी पाणी होतो. टोमॅटो सॉसमध्ये, गोठवलेल्या पदार्थात टिकत नाही. मग त्याच्यावर थोडी रासायनिक प्रक्रिया करतात आणि त्याला आकडा मिळतो: १४१२, १४१४, १४२२, १४४२, १४५०. ते आकडे म्हणजे अन्नातले पूरक पदार्थ. कोणत्या खाद्यपदार्थात ते चालतात आणि कोणत्यात नाहीत, हे ठरवून दिलेलं आहे. मूळ स्टार्चच्या कागदांवर बदललेला आणला किंवा उलट केलं, तर सीमाशुल्कही अडवतं आणि अन्नप्राधिकरणही.

पुढची पायरी तपासणीची. प्राधिकृत अधिकारी कागद पाहतो, माल पाहतो, गोणीवरची चिठ्ठी पाहतो, आणि नमुना काढायचा ठरला तर दोन भाग करून एक मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवतो. ओलावा, राख, गंधक-डायऑक्साइडचा अंश, जड धातू, जंतू. बटाट्याच्या स्टार्चमध्ये मुळातच मक्यापेक्षा जास्त ओलावा असतो, तो त्याचा स्वभाव आहे. पण समुद्रावर गोणीला दमट हवा लागली की त्याच ओलाव्याची बुरशी होते. मालाची मुदतही किती उरली आहे ते बघतात: उतरताना एकूण आयुष्याच्या साठ टक्के किंवा तीन महिने, यांतलं जे कमी असेल तेवढं तरी शिल्लक हवं. आयातदाराचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, शाकाहाराची हिरवी खूण एवढंच चिटकवायचं राहिलं असेल तर गोदामात चिटकवू देतात. बाकीची चूक सुधारू देत नाहीत, माल परत जातो किंवा नष्ट होतो.

जनुकांचा प्रश्न आणखी वेगळा. बटाट्याच्या स्टार्चमध्ये दोन घटक असतात. त्यांपैकी एकच ठेवणारा बदललेला बटाटा ‘आम्फ्लोरा’ नावानं एका जर्मन कंपनीनं काढला. युरोपनं मार्च २०१० मध्ये त्याला परवानगी दिली. विरोध इतका झाला की २०१२ मध्ये कंपनीनंच तो युरोपातून मागे घेतला, आणि २०१३ मध्ये तिथल्या न्यायालयानं ती परवानगीही रद्द केली. आपल्याकडे ऑगस्ट २०२० चा आदेश निघाला, तो मार्च २०२१ पासून लागू झाला: चोवीस पिकं आयात करताना ती जनुकबदल केलेली नाहीत असा दाखला हवा, चुकून मिसळलेलं एक टक्क्यापर्यंत चालेल. त्या चोवीसांत बटाटा आहे. आदेश पिकांचा आहे, पण पीठ ज्या पिकाचं त्याची जात विचारून ठेवणारा व्यापारी मला शहाणा वाटतो.

कच्च्या बटाट्याला हे दार जवळजवळ बंदच असतं, त्याचंही कारण मातीत आहे. बटाट्याच्या मुळावरचा सूत्रकृमी १९६१ मध्ये निलगिरीत सापडला आणि तिथून तो अजून गेलेला नाही. बटाट्याबरोबर चिमूटभर परकी माती आली तरी पुरे. धुऊन, गाळून, वाळवून पांढरा झालेला स्टार्च हा त्या मानानं निष्पाप प्रवासी.

हा प्रवासी निघतो कुठून? मला त्या गावांचं मोठं अप्रूप वाटतं, कारण ती आपल्यासारखीच आहेत. हॉलंडच्या ईशान्येला दलदल उपसून काढलेल्या जमिनींवर स्टार्चचा बटाटा होतो. एकोणिसाव्या शतकात तिथे स्कोल्टेन नावाच्या कारखानदारानं स्टार्चचे कारखाने काढले, भाव तोच ठरवायचा. शेतकऱ्यांनी एकत्र येऊन आपले सहकारी कारखाने काढले आणि १९१९ मध्ये विक्रीसाठी ‘आवेबे’ ही संस्था उभी केली. ती आजही शेतकऱ्यांच्या मालकीची आहे. डेन्मार्कमध्येही असंच घडलं. आपल्याकडे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला जे केलं, त्याच्या तीसेक वर्षं आधीची ही गोष्ट. मुरुमच्या शिवारातही विठ्ठलसाई सहकारी साखर कारखाना उभा आहे. त्याच्या भोंग्यावर आणि बैलगाड्यांच्या रांगांवर आमच्या गावाचा हिवाळा मोजला जातो. तिकडेही ऑगस्टच्या शेवटी-सप्टेंबरात गळीत हंगाम सुरू होतो आणि थंडीत संपतो. आपल्याकडे उसाला उतारा, तिकडे बटाट्याला उतारा: पाच किलो बटाटे पाण्यात बुडवून तोलतात, पाण्यातलं वजन जितकं जास्त तितका स्टार्च जास्त, आणि पैसे त्यावर. काटा चोख आहे की नाही, हा वाद तिकडच्या शेतकऱ्यांना आपण समजावून सांगायला नको. युरोपनं अनेक वर्षं या उद्योगाला कोटा आणि किमान भावाची कुंपणं घालून सांभाळलं. ती २०१२ मध्ये काढली.

मग प्रश्न येतो: जगात बटाट्याच्या उत्पादनात चीननंतर आपला क्रमांक, वर्षाला पाच कोटी टनांहून जास्त पीक, आणि कधी भाव पडला की शेतकरी रस्त्यावर बटाटा ओततो. तरी स्टार्च बाहेरून का? उत्तर गणितात आहे. आपला खायचा बटाटा भाजीसाठी निवडलेला. त्यात स्टार्च साधारण चौदा टक्क्यांच्या आसपास. तिकडच्या स्टार्चच्या जातींत अठरा ते वीस आणि त्याहूनही जास्त. म्हणजे आपल्याकडे एक किलो स्टार्चला सातेक किलो बटाटा लागतो. किलोला दहा रुपये धरले तरी नुसता कच्चा माल सत्तर रुपयांचा. मक्याचं पाहा: २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला २,२२५ रुपये, एक किलो स्टार्चला दीडेक किलोहून थोडा जास्त मका, म्हणजे पस्तीस-छत्तीस रुपये, वर मक्याचं तेल, पेंड विकून त्यातले काही परत. मका वर्षभर पोत्यात राहतो, बटाटा थंडघर मागतो. म्हणून महाराष्ट्रात स्टार्चचे कारखाने आहेत ते मक्याचे: दोंडाईचा, शिरपूर, चाळीसगाव, मिरज. सीमेपलीकडे गोकाकला आहे, तोही मक्याचाच. मंचरजवळच्या सातगाव पठारावर पावसाळी बटाटा होतो, पण तो वेफरच्या कारखान्यांकडे आणि भाजीबाजारात जातो.

इतकं महाग असून बटाट्याचाच हवा असं म्हणणारे आहेत, कारण त्याच्यासारखा दुसरा नाही. त्याचा कण मोठा. मक्याचा कण पंधरा मायक्रॉनच्या आसपास, बटाट्याचा शंभरापर्यंत जातो. निसर्गानंच त्याच्यात फॉस्फेट गुंफलेलं असतं, त्यामुळे तो पाणी भरपूर धरतो, फुगतो, काचेसारखा पारदर्शक होतो. चरबी आणि प्रथिनं जवळजवळ नाहीत, म्हणून स्वतःची चव नाही. काकूची कढी चकाकायची ती यामुळे.

आता साबुदाण्याकडे वळतो. आषाढी, महाशिवरात्र, नवरात्र: तुळजाभवानीच्या जिल्ह्यात उपवासाला साबुदाणा नाही असं घर विरळा. हा साबुदाणा मुळात आयातीच! मलाया-सिंगापूरकडचा, साबूच्या ताडाच्या खोडातून काढलेला. दुसऱ्या महायुद्धात जहाजं बंद झाली आणि १९४३ च्या सुमारास तमिळनाडूतल्या सेलमला टॅपिओकाच्या कंदापासून तसेच दाणे करण्याचा उद्योग उभा राहिला. ताडाचं नाव कंदाला मिळालं. भारताच्या अन्नमानकांत साबुदाण्याची व्याख्या वाचा: साबूच्या ताडाच्या किंवा टॅपिओकाच्या कंदाच्या स्टार्चपासून केलेले बारीक, कडक गोळे. एका ‘किंवा’मध्ये सगळं महायुद्ध आलं आहे. १९८१ मध्ये सेलमच्या उत्पादकांनी सहकारी संस्था काढली, २०२३ मध्ये सेलमच्या साबुदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आणि आपण त्याला इतकं आपलं केलं आहे की उपवासाला तो चालतो का, ही शंकाही कुणाला येत नाही. टॅपिओका अमेरिकेचा, बटाटा अमेरिकेचा, दोन्ही उपवासाला चालतात. मका अमेरिकेचाच, पण तो धान्य, म्हणून चालत नाही. शास्त्र विचारू नका. श्रद्धेचा हिशेब वेगळा असतो आणि त्याचा मान ठेवायचा असतो.

त्या हिशेबानंच मला हा लेख लिहायला लावलं. मागच्या एका नवरात्रात मी मुरुमला होतो. वहिनींचे नऊ दिवस होते. मुलानं शहरातून आणलेल्या फराळी पाकिटामागची बारीक अक्षरं मला वाचायला सांगितली. बटाटा, शेंगदाणे, तेल, सैंधव, आणि मग एक शब्द: स्टार्च.

“कशाचा हाय हे?” वहिनींनी विचारलं.

“लिहिलेलं नाही.”

“आलूचा आसंल तर खाते की. मक्याचा आसंल तर उपास मोडला न्हवं का? कळंना झालंय बघा, भाऊजी.”

पाकिटावरच्या क्रमांकावर मी फोन लावला. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, की घटक पूर्णपणे वनस्पतिजन्य आहे, चिंता नसावी. तोवर वहिनींनी पाकीट शेजारच्या पोरांना देऊन टाकलं होतं.

कंपनीनं कायदा मोडला नव्हता. घटकांची यादी करताना रसायनांनी न बदललेल्या कोणत्याही स्टार्चला नुसतं ‘स्टार्च’ हे वर्गनाव वापरायला नियमच मुभा देतो. बंदरावर ज्याच्या खोलीचा आकडा चुकला तर कंटेनर अडतो, कारखान्याच्या गोणीवर ज्याचं पूर्ण नाव छापलेलं असतं, त्याचं नाव शेवटच्या पाकिटावर गळून पडतं. सरकारला कळतं, व्यापाऱ्याला कळतं, कारखानदाराला कळतं. खाणाऱ्याला तेवढं कळत नाही.

आणि हा केवळ वहिनींचा प्रश्न नाही. आमच्याच जिल्ह्यात भूम तालुक्यात कुंथलगिरी आहे, जैनांचं सिद्धक्षेत्र. १९५५ मध्ये आचार्य शांतिसागर महाराजांनी तिथे समाधी घेतली. कंदमूळ वर्ज्य असलेला जैन यात्रेकरू त्याच दुकानातून तेच पाकीट घेतो. त्याला मक्याचा चालेल, बटाट्याचा नाही. बरोबर उलटं. तिसरा माणूस गव्हातलं ग्लुटेन न सोसणारा, ज्याच्या आतड्याला गव्हाचा अंश विषासारखा. त्याच्यापुरता कायदा जागा आहे, ग्लुटेनची सूचना छापणं सक्तीचं आहे, आणि गंधकाचा अंश किलोला दहा मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त असेल तर तेही. ते योग्यच. पण शरीराची अॅलर्जी मोजता येते म्हणून ती खरी आणि व्रताची अडचण मोजता येत नाही म्हणून ती खोटी, असं मी मानायला तयार नाही. ज्यानं जन्मभर एक नेम पाळला त्याच्या ताटात त्याच्या नकळत तो मोडायचा, याला माझ्या भाषेत फसवणूकच म्हणतात.

कुंथलगिरीचा खवा प्रसिद्ध आहे, त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. खव्यात स्टार्च घालायला मनाई आहे, आणि ती पकडायची युक्ती कुणालाही घरी करता येते: थोडा खवा पाण्यात उकळायचा, गार करायचा, आयोडीनचे दोन-तीन थेंब टाकायचे. निळा पडला तर स्टार्च आहे. खव्यातला स्टार्च काही विष नव्हे. तो काकूच्या कढीतलाच. तो गुन्हा ठरतो कारण तो न सांगता आला. पण आयोडीनही एवढंच सांगतं की स्टार्च आहे. कशाचा ते सांगत नाही. ते सूक्ष्मदर्शकाखाली कणाचा आकार बघून कळतं, किंवा कुणीतरी प्रामाणिकपणे लिहून ठेवलेलं असेल तर.

लिहायला अडचण काय आहे? तेलाच्या बाबतीत हे झालेलं आहे. पाकिटं पाहा, वनस्पती तेलापुढे पाम, सूर्यफूल, सरकी असं नाव येतं. ९ डिसेंबर २०२१ ला दिल्ली उच्च न्यायालयानं एका गोरक्षक संस्थेच्या याचिकेवर सांगितलं, की प्रत्येक घटक वनस्पतीचा की प्राण्याचा हे ग्राहकाला कळलंच पाहिजे, मग त्याचं प्रमाण कितीही कमी असो. आपण काय खातो हे जाणण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. त्यापुढचं पाऊल छोटं आहे: कोणत्या वनस्पतीचा. ‘स्टार्च’ऐवजी ‘स्टार्च (बटाटा)’. काही कंपन्या आपणहून लिहितातच. स्वस्त पडेल तो स्टार्च बदलता यावा म्हणून नाव मोघम ठेवायचं असेल, तर तो फायदा कुणाचा आणि अंधार कुणाच्या ताटात, हे प्राधिकरणानं एकदा पाहावं. नियमातला तो एक वर्ग काढून टाकला तर कुठलं यंत्र बदलावं लागणार नाही, फक्त छपाईचा साचा बदलेल.

काकूला हे फार आधी कळलं होतं. तिच्या फडताळात दोन सारख्या बरण्या असत. एकीत आलूचा थर, दुसरीत लहानग्यासाठी वाळवलेलं गव्हाचं सत्त्व. एका एकादशीला आईनं घाईत चुकीची बरणी काढली, कढी झाली, आजी जेवली, आणि दुपारी चूक लक्षात आली. आजी काही बोलली नाही, तिनं दुसऱ्या दिवशी पुन्हा उपास धरला. त्या संध्याकाळी काकूनं मला हाक मारली. मी तिसरीत होतो, अक्षर बरं होतं. वहीचं अर्धं पान फाडायला लावलं.

“लिही, आलू,” ती म्हणाली. “ठसठशीत लिही. माझ्या डोळ्याला दिसलं पाहिजे.”

मग बरणीतलाच चमचाभर थर तिनं पाण्यात कालवून चुलीवर शिजवला, काचेसारखी खळ झाली, आणि त्या खळीनंच तो कागद बरणीला डकवला.